कुठेही करमणारी बाई

जगात कुठे राहायला आवडेल, असं लोक मोठ्या हौसेने विचारतात. मला या प्रश्नाचं उत्तर कित्येक वर्षांपासून माहीत आहे, आणि ते सरळ ऐकून घेणारं माणूस मला अजून भेटायचं आहे. मला नॉटिंगहॅमला राहायचं होतं. तिथल्या एखाद्या मोठ्या बंगल्यात वगैरे नाही. हॉस्पिटलपासून चालत जाता येईल अशा एका चढावरच्या गल्लीत, एकमेकांना चिकटलेल्या लाल विटांच्या घरांपैकी एका घरात. ते घर आमचंच होतं. म्हणजे मी काही चंद्र मागत नव्हते, जिथे होते तिथेच राहू द्या म्हणत होते.

त्याआधीची दोन वर्षं आम्ही माझ्या नोकरीमुळे मिळालेल्या हॉस्पिटलच्या फ्लॅटमध्ये काढली होती. मी तिथल्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होते, नवरा गावाबाहेरच्या एका कारखान्यात मेकॅनिकल इंजिनियर. त्या फ्लॅटमध्ये भर दुपारी दिवा लावावा लागे. कपडे दोन दोन दिवस वाळत नसत आणि मुलगी सारखी खोकायची. मग आम्ही घर बघायला लागलो. हे घर दाखवणारा एजंट ‘साउथ फेसिंग, साउथ फेसिंग’ असं सारखं म्हणत होता. मला त्याच्या बोलण्याशी काही कर्तव्य नव्हतं. थंडीचे दिवस होते, आणि घराच्या दोन पायऱ्यांवर ऊन पडलं होतं. मी तिथेच टेकले आणि नवऱ्याला म्हटलं, “अहो, हेच घ्या.” त्यांना ते कारखान्याच्या बसच्या वाटेवर आहे म्हणून पटलं. दक्षिणेचा विचार त्या दिवशी त्यांच्याही डोक्यात आला नाही.

त्या घरात मला काय आवडायचं ते सांगायला बसले तर लोक म्हणतील, एवढंच? हो, एवढंच. सुट्टीच्या दिवशी मी पायरीवर बसून मटार सोलायची. शेजारची सत्तरीची इंग्लिश बाई आपली खुर्ची दारात आणून बसायची आणि न विचारता माझ्या पुढ्यातल्या शेंगा उचलून सोलायला लागायची. ती मला लाडाने ‘डक’ म्हणायची. तिकडे बसचा ड्रायव्हरसुद्धा सगळ्यांना डक म्हणतो, पण मला ते आपल्यालाच म्हटल्यासारखं वाटे. पुढच्या खोलीच्या खिडकीत तुळस होती, ती थंडीतही तग धरायची. शनिवारी लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर जाऊन डाळी, कोथिंबीर, कढीपत्ता आणला की आठवडा निघायचा. लॅबमधून घरी यायला मला कुणाच्या गाडीची वाट बघावी लागत नसे. पुण्यात माहेरी मी कधी एवढी मोकळी चालले नव्हते.

मग एका उन्हाळ्यात सासूबाई आल्या. सासरे गेल्यावर वाईचं घर बंद झालं होतं, आणि तेव्हापासून त्या सहा महिने पुण्याच्या दिरांकडे, सहा महिने नाशिकच्या दिरांकडे असत. आता तिसऱ्या मुलाची पाळी होती. त्यांनी येताना मेतकूट आणलं, मुलीसाठी परकर-पोलकं आणलं, आणि मला मिठी मारली. त्या काही वाईट बाई नव्हत्या. पण रोज सकाळी सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय त्या चहाला शिवत नसत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तांब्या हातात घेऊन घरभर फेऱ्या मारल्या आणि मुलाला हाक मारली.

“अरे, हे दार दक्षिणेला आहे!”

“असेल गं आई.”

“असेल काय? यमाची दिशा ती. घर घेताना बघितलं नाहीस?”

नवरा हसला. म्हणाला, इथे लोक दक्षिणेचं घर मिळावं म्हणून धडपडतात. पण हसू फार टिकलं नाही. त्या वर्षी कारखान्यात त्यांना मिळायची बढती दुसऱ्याला मिळाली होती. सासूबाईंनी दाराकडे बोट दाखवलं. मुलीच्या छातीत अजून घरघर होती, तीही दारामुळे. गाडीचा क्लच गेला, माझं पाऊल मुरगळलं, दिरांचं पत्र वेळेवर पोचलं नाही, सगळं त्या दाराने केलं. फ्लॅटमध्ये होतो तेव्हा मुलगी दुप्पट खोकायची, हे मी सांगून पाहिलं. कुणाच्या कानापर्यंत गेलं नाही. सासूबाईंनी दारावर गणपतीचं चित्र लावलं, आणि मला ताकीद दिली की पायरीवर बसत जाऊ नकोस. मी बसत राहिले. शेजारची बाई विचारायची, “तुझ्या मदर-इन-लॉना ऊन आवडत नाही का?” आता तिला मी काय समजावणार?

सासूबाई परत गेल्या, पण ती दिशा आमच्या घरात मुक्कामाला राहिली. काहीही बिनसलं की नवरा दाराकडे बघायचा. “माझा विश्वास आहे असं नाही,” ते म्हणायचे, “पण उगीच कशाला?” या ‘उगीच कशाला’शी भांडता येत नाही. विश्वास असता तर वाद तरी घालता आला असता.

त्यानंतरच्या जानेवारीत आम्ही लंडनच्या उत्तर टोकाला, स्टॅनमोरला हळदीकुंकवाला गेलो. नवऱ्याचे कॉलेजचे एक मित्र तिकडे राहायचे, आणि त्या मित्राच्या बायकोकडे दरवर्षी मोठं हळदीकुंकू असे. संक्रांत कामाच्या दिवशी आली तरी हळदीकुंकू रविवारीच. बायका पैठण्या नेसून, वर जाड कोट आणि पायात मोजे घालून यायच्या, आणि दारात बुटांचा ढीग पडायचा. त्या वर्षी उखाणे घ्यायची वेळ आली तर नव्या मुली लाजायला लागल्या, कुणाला पाठ नव्हते. मग यजमानीण वहिनींनी टूम काढली. उखाणा नको, प्रत्येकीने सांगायचं, जगात कुठेही राहायची मुभा मिळाली तर कुठे राहाल?

मग काय, नुसती बहार. एक म्हणाली स्वित्झर्लंड. एक म्हणाली कॅलिफोर्निया, तिची बहीण तिकडे होती. एक म्हणाली पुणे, पण इथल्यासारखं गरम पाणी आणि इथल्यासारखे ट्रॅफिक रूल्स असलेलं पुणे. दोघी-तिघींनी स्टॅनमोरच सांगितलं, कारण सगळी आपली माणसं इथे आहेत आणि ट्यूबचं स्टेशन दाराशी आहे. माझी पाळी आली.

“नॉटिंगहॅम,” मी म्हटलं. “आत्ता राहते तेच घर.”

सगळ्या खो खो हसल्या. वहिनी म्हणाल्या, “ए, सीरियसली सांग ना!”

“सीरियसलीच सांगतेय.”

“बिचारी,” कुणीतरी म्हणालं, “मिस्टरांच्या जॉबमुळे अडकलीय म्हणून मन मारून बोलतेय.” आणि वहिनी मला तिळगूळ आणि वाणाचा डबा देऊन पुढच्या बाईकडे वळल्या. मला इतका राग आला की तो तिळगूळ माझ्याने खाववेना. मी स्वित्झर्लंड म्हटलं असतं, जिथे मी जन्मात गेले नव्हते, तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या.

परतताना मोटरवेवर नवऱ्याने रेडिओ बंद केला. म्हणाले, “माझं हसं केलंस. मी त्यांना सांगत असतो की आम्ही तिथे तात्पुरते आहोत.”

“तात्पुरते कोण? मी नाही.”

“अगं, तुझं काय? तुला कुठेही करमतं.”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा, आणि ते कौतुकाने म्हटलेलं होतं. पुढे ते घरचं वाक्य झालं. सासूबाई फोनवर म्हणायच्या, दीर म्हणायचे, वहिनी म्हणायच्या: हिचं बरं आहे, हिला कुठेही करमतं. ज्या बाईला कुठेही करमतं तिला विचारायचं कशाला, असा त्याचा सरळ अर्थ होता.

ते दार सुटावं म्हणून नवऱ्याने बाहेर अर्ज टाकले होते, आणि पुढच्या वर्षी त्यांना लंडनच्या उत्तरेला चांगली नोकरी मिळाली. मी म्हटलं, नको. त्यांनी हो कळवलं. मी म्हटलं, निदान वर्षभर तुम्ही तिकडे खोली घेऊन राहा, शनिवार-रविवार या. ते म्हणाले, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, माझी लॅब? तर म्हणाले, लंडनमध्ये काय रक्त तपासत नाहीत? मुलीची शाळा म्हटलं, तर तिकडच्या शाळा कितीतरी बऱ्या. प्रत्येक ‘नको’ला त्यांच्याकडे एक शहाणपणाचं उत्तर तयार होतं. मला आवडतं एवढंच माझं कारण होतं, आणि ते कारण आमच्या घरात कुणी कारण म्हणून धरत नसे.

घर शोधायला मात्र त्यांनी मला बरोबर नेलं. पडदे कुठले शोभतील ते सांगायला. या खेपेला दिशेची चूक होऊ द्यायची नाही म्हणून त्यांनी होकायंत्र घेतलं होतं. ऐन नोव्हेंबर, आभाळ गच्च, सूर्य कुठे आहे ते देवालाही कळलं नसतं. स्टॅनमोरच्या एका वळणावळणाच्या रस्त्यावर एक घर त्यांना पसंत पडलं. पुढे गाडी लावायला जागा, मागे हिरवळ. एजंट काहीतरी सांगत होता, त्याला त्यांनी हाताने थांबवलं, होकायंत्र काढलं, आणि ते सपाट राहावं म्हणून आमच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. वाकून, एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.

“पूर्व!” ते म्हणाले. “चोख पूर्व.”

त्या रात्री पुण्याला फोन झाला. पूर्वेचं दार ऐकून सासूबाईंना हुंदका आला म्हणे. मला फोन दिला तेव्हा त्या म्हणाल्या, “आता बघ, सगळं मार्गी लागेल.” मी म्हटलं, “हो.” दुसरं काय म्हणणार?

नॉटिंगहॅमचं घर एका नुकतंच लग्न झालेल्या जोडप्याने घेतलं. ती मुलगी घर बघायला आली तेव्हा आत यायच्या आधी पायरीवरच थांबली, तोंड उन्हाकडे केलं आणि डोळे मिटले. मी तिला घरात बोलावलं नाही. ती जितका वेळ उभी होती तितका वेळ मी दारात तिच्याकडे बघत उभी राहिले, आणि तिचा मला भयंकर हेवा वाटला. जायच्या दिवशी शेजारच्या बाईने मला आपल्या बागेतले रुबार्बचे आंबट लाल देठ दिले, कागदात गुंडाळून. रडली नाही. “तुला जायचं नाहीये ना, डक?” एवढंच म्हणाली. सगळ्या प्रकरणात हा प्रश्न विचारणारी ती एकटी.

स्टॅनमोरला काय वाईट होतं? काहीच नाही. मराठी माणसं होती, गुजराती दुकानं होती, गणपतीला हॉल मिळायचा. मला नोकरीही मिळाली, पण दोन बस बदलून, आणि लॅबमध्ये सगळे घड्याळाकडे बघत काम करणारे. रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. सगळे दार उघडून गाडीत, गाडीतून दारात. मटार मी ओट्यावर सोलायला लागले. वहिनी दर आठवड्याला विचारायच्या, “मग, सेटल झालीस ना?” आणि उत्तराची वाट न बघता नवऱ्याला सांगायच्या, “बघा, मी म्हटलं नव्हतं?”

फेब्रुवारीत पहिल्यांदा स्वच्छ ऊन पडलं त्या दिवशी मी सुट्टीवर होते. दुपारी जेवायच्या वेळेला पुढचं दार उघडलं, तर ऊन सरळ घरात, पायपुसण्यावर. दक्षिणेच्या घरात मी इतकी वर्षं काढलेली, मला काय कळत नव्हतं? संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

“अहो, भर दुपारी दारात ऊन येतंय. पूर्वेच्या दाराला कसं येईल?”

“इथला सूर्य खाली असतो हिवाळ्यात.”

“खाली असला तरी पूर्वेला थोडाच राहतो दुपारी?”

“मी कंपासने बघितलंय,” ते म्हणाले आणि बातम्यांचा आवाज वाढवला. मी पुन्हा तो विषय काढला नाही. एकदा सांगून झालं होतं.

जूनमध्ये सासूबाई आल्या. आता हक्काचं पूर्वेचं दार, म्हणून पहिल्याच सकाळी रेशमी लुगडं नेसून, तांब्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. रविवार होता, नवरा कौतुकाने मागे उभा. आभाळ निरभ्र. समोर सूर्य नव्हता. सासूबाई थोडं थांबल्या, मग मान वळवली. सूर्य त्यांच्या डाव्या हाताला, शेजाऱ्यांच्या गॅरेजच्या छपरावर चांगला हातभर वर आला होता.

“अरे,” त्या म्हणाल्या, “हे काय?”

मग जे झालं ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. नवऱ्याने होकायंत्र आणलं. गाडीजवळ धरलं, तर पूर्व. फुटपाथवर नेलं, तर दक्षिण. पुन्हा गाडीजवळ, काटा पुन्हा वळला. रस्त्याच्या मध्ये उभं राहून पाहिलं, दक्षिण. समोरचे शेजारी पेपर आणायला निघाले होते, ते थबकून बघायला लागले. पोलादाच्या बॉनेटवर, आत इंजिन असताना, होकायंत्र ठेवलं होतं या माणसाने, आणि पोटापाण्याला मेकॅनिकल इंजिनियर! मला हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता रडू आलं, आणि रडता रडता असा संताप आला की मी हातातली पक्कड सिंकमध्ये आपटली. नुसत्या दिशेपायी माझं घर गेलं होतं, आणि दिशा होती तिथेच होती.

मला वाटलं, आता तरी कुणी माझ्याकडे बघून एक शब्द बोलेल. संध्याकाळी जेवायला बसलो. मुलगी मैत्रिणीकडे राहायला गेली होती, आम्ही तिघंच. सासूबाईंनी घासही घेतला नव्हता.

“दोन गल्ल्या सोडून एक घर विकायला निघालंय,” नवरा त्यांना म्हणाला. “उत्तरेचं दार. या वेळी नकाशावर पण बघितलंय.”

“मग लवकर बघून टाक. इथे दिवाळी नको.”

“हिची तयारी...”

“तिचं काय,” सासूबाई म्हणाल्या, “तिला कुठेही करमतं.”

मी आमटीची पळी खाली ठेवली.

“मी जाणार नाही,” मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “मला कुठेही करमत नाही. मला इथेही करमत नाही. पण मी या घरातून हलणार नाही. तुम्हाला उत्तरेच्या दारात जायचं असेल तर खुशाल जा, दोघंही जा. माझ्या आणि मुलीच्या पोळ्या इथेच होतील.”

नवऱ्याने हातातला घास ताटात ठेवला. “अगं, पण तुला तर हे घर आवडतसुद्धा नाही!”

“नाही आवडत.”

“मग?”

आवडत होतं तेव्हा आवडण्याला किंमत नव्हती, आता न आवडण्याला कशाला द्यायची? हे मनातच ठेवून मी पळी पुन्हा उचलली आणि त्यांच्या वाटीत आमटी वाढली.

सासूबाई मात्र उसळल्या. “आम्हाला कुणी विचारलं होतं? वाईचं घर बंद केलंत तेव्हा मला कुणी विचारलं? माझी माडी, माझी विहीर, सगळं टाकून आले. सहा महिने याच्या दारात, सहा महिने त्याच्या. बोलले मी काही?”

“बोलायला हवं होतं, आई,” मी म्हटलं.

नवऱ्याने ताटात मान खुपसली. वाईचं घर बंद करायचं ठरलं तेव्हा तीन भावांत तेही होते. त्या क्षणी मला सासूबाईंची दया यायला हवी होती. नाही आली. ती नंतर आली, फार नंतर, त्या गेल्यावर. त्या संध्याकाळी मी एवढंच म्हटलं, “जेवून घ्या, आमटी गार होतेय.” त्यांनी भात कालवला. कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या, “विहिरीचं पाणी फार गोड होतं.”

आम्ही हललो नाही. उत्तरेचं दार दुसऱ्या कुणीतरी घेतलं. नव्वदचं दशक अर्धं सरलं, मुलगी शिकायला बाहेर पडली, आणि नवरा अजूनही काही बिघडलं की दाराकडे बघतो, पण बोलत काही नाही. हळदीकुंकवाला नव्या बायका येतात, त्यांना वहिनी माझी ओळख करून देतात: “यांना स्टॅनमोर इतकं आवडतं की यांनी मिस्टरांना घर बदलू दिलं नाही.” सगळ्या हसतात, मीही हसते. किती जणींना समजावत बसू? साऱ्या आयुष्यात मी हट्टाने धरून ठेवलेलं हे एकच घर, आणि ते मला आवडत नाही.